आराशीतील आगगाडी आणि तिचे वळण
(उत्सवाच्या पाचव्या दिवशी राजवाडा परिसरातील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या आराशीत गणरायासमोर जी छोटी आगगाडी फिरते आहे, तिच्याविषयी बोलावे असा कार्यकारिणीचा आग्रह होता. दर्शनाला येणारे बहुतेक जण गाडीकडे पाहतात. गाडी सुरळीत चालली तर रुळाकडे कोणी पाहत नाही, आणि तसेच असायला हवे. मी मात्र आज रुळाविषयी, त्यातही त्याच्या वळणाविषयी बोलणार आहे. नोकरीची ३४ वर्षे रेल्वेच्या रूळ विभागात गेल्यामुळे माझी नजर डब्याच्या आधी रुळाकडेच जाते. आपण ती सवय समजून घ्याल अशी आशा आहे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की ही गाडी आणि तिचे रूळ कैलासवासी आण्णांच्या संग्रहातले आहेत. आण्णा तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. नोकरीनिमित्त मद्रासला असताना मूर मार्केटच्या जुन्या बाजारात फिरून त्यांनी एकेक तुकडा जमवला. ते मार्केट १९८५ साली आगीत जळाले, पण आण्णांची पेटी राहिली. गेल्या वर्षी आक्कांनी ती पेटी मंडळाला दिली. तिच्यात वळणाचे २० तुकडे, सरळ तुकडे आणि एक छोटे इंजिन होते. डबे मात्र नव्हते.

डबे मुलांनी केले. आपल्या राजवाडा भागातील जुन्या घरांची मुले आणि विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या व्यवसायासाठी इकडे आलेल्या कुटुंबांची मुले सुटीभर एकत्र बसली आणि जाड पुठ्ठ्याचे चार डबे तयार झाले. मुलांना खेळण्यातले आखूड डबे नको होते. आपण तंजावूर स्टेशनवर पाहतो तसाच निळा डबा त्यांना हवा होता. चेन्नईजवळ पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून तयार होऊ लागलेला तो डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. आपल्या गाडीचे प्रमाण एच.ओ. म्हणजे ८७ ला १. त्या हिशेबाने मुलांचा डबा साडेचोवीस सेंटिमीटर झाला. काम इतके नेटके होते की पाहणारा खूश होई. पण रुळावर ठेवून ओढला की सरळ रुळावर छान चाले आणि वळणावर हटकून घसरे.

असे का होते हे आधी समजून घेऊ. कारण कळले की उपायही कळतो.

आण्णांच्या तुकड्यांचे वळण १८ इंच त्रिज्येचे होते. डबा दोन बोग्यांवर टेकलेला असतो. बोग्या रुळाबरोबर वळतात, पण डब्याचे अंग सरळच राहते. त्यामुळे वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोके बाहेर जातात. किती, तेही काढता येते. आपल्या डब्याच्या दोन बोग्यांत सुमारे १७ सेंटिमीटर अंतर आहे. १८ इंचांच्या वळणावर त्याचे पोट जवळजवळ ८ मिलिमीटर आत येते आणि टोके साडेआठ मिलिमीटर बाहेर जातात. दोन डब्यांमधली कडी मग तिरपी ओढली जाते. हलका पुठ्ठ्याचा डबा आतल्या बाजूला कलतो आणि चाक रुळावर चढते. मुलांच्या कामात कसलाही दोष नव्हता. डबा लांब होता आणि वळण त्याच्या मानाने अरुंद होते, एवढेच.

छोट्या गाड्यांचे हौशी लोक एक साधा आडाखा सांगतात. सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट त्रिज्या असावी म्हणजे गाडी भरवशाने चालते, आणि तिप्पट असेल तर दिसायलाही शोभते. साडेचोवीस सेंटिमीटरची अडीचपट म्हणजे सव्वाएकसष्ट सेंटिमीटर, अर्थात २४ इंच. आपले १८ इंचांचे वळण दुपटीलाही पोहोचत नव्हते.

मोठ्या रेल्वेतही हेच गणित आहे, फक्त आकडे मोठे. तेथे वळणाची तीव्रता अंशांत मोजतात. एक अंशाचे वळण म्हणजे १७५० मीटर त्रिज्या, आणि अंश वाढतील तशी त्रिज्या कमी होत जाते. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंश, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या चालते. मीटरगेजला १६ अंशांपर्यंत, म्हणजे सुमारे १०९ मीटरपर्यंत सवलत असते. १७५ मीटरला ८७ ने भागले तर दोन मीटर येतात. म्हणजे खऱ्या ब्रॉडगेजचे सर्वांत अवघड वळणदेखील आपल्या आराशीत आणायचे तर चार मीटर व्यासाचे वर्तुळ लागेल. मग बाप्पांना बसायला जागा उरणार नाही! तेव्हा आराशीतले वळण खऱ्यापेक्षा अरुंद असणारच. प्रश्न एवढाच की किती अरुंद चालेल.

आपल्या तंजावूरच्या रुळांनी हा फरक दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे. १८५५ साली येथील मराठी राजवटीचा शेवट झाला आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६१ साली, नागपट्टणम्‌कडून तंजावूरला आगगाडी आली. ती ग्रेट सदर्न ऑफ इंडिया कंपनीची ब्रॉडगेज गाडी होती. पुढे १८७५ साली तोच मार्ग मीटरगेज केला गेला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे आपण मीटरगेजच्या डब्यांतून तिरुच्चीला आणि कुंभकोणम्‌ला ये-जा केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा ब्रॉडगेजचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि २०१० पर्यंत कुंभकोणम्, मयिलाडुतुरै, विळुप्पुरम् हा सगळा मार्ग रुंद झाला. एकाच मार्गाने रुंद, अरुंद आणि पुन्हा रुंद असे तीन अवतार पाहिले. पुष्कळांना वाटते की गेज बदलणे म्हणजे एक रूळ उचलून थोडा बाजूला ठेवणे. तसे नसते. मीटरगेजला चालणारे तीव्र वळण ब्रॉडगेजला चालत नाही. तेथे वळण मोठे करावे लागते आणि मोठ्या वळणाला जास्त जमीन लागते.

महाराष्ट्रातून आलेल्यांना बोरघाट परिचित आहे. खंडाळ्याजवळ पूर्वी गाडी एका स्थानकात जाऊन थांबायची आणि उलट्या दिशेने पुढे निघायची. डोंगरात पुरेसे वळण घ्यायला जागा नव्हती म्हणून केलेली ती तडजोड होती. १९२९ साली नवे बोगदे आणि नवा मार्ग झाला तेव्हा ती बंद झाली. उलट माथेरानला पाहा. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी रेल्वेत वळण मोठे करण्याची सोयच नव्हती. तेथे इंजिनच असे आणले की ज्याची पुढची आणि मागची चाके वळणाप्रमाणे थोडी सरकू शकत. म्हणजे मार्ग दोनच. एक तर वळण गाडीला जुळवून घ्या, नाहीतर गाडी वळणाला जुळवून घ्या.

आपल्या कार्यकारिणीपुढेही हाच प्रश्न आला. एक सूचना आली की डबे कापून आखूड करावेत. मुलांचे चेहरे पाहून ती कोणी पुढे रेटली नाही. दुसरी सूचना नवा लवचिक रूळ विकत आणण्याची होती. तो गजाप्रमाणे सरळ येतो आणि हवा तसा वळवता येतो. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी तोच सोपा मार्ग आहे, हे मी येथे स्पष्टपणे सांगतो. पण तो परदेशी माल, आणि आमच्या खजिनदारांनी वर्गणीची वही उघडून दाखवली तेव्हा तो विषयही मिटला. तिसरी सूचना माझी होती. आण्णांचेच तुकडे सैल करून २४ इंचांचे करावेत.

यावर बराच वाद झाला, आणि तो रास्त होता. एकदा तुकड्याखालचे प्लॅस्टिकचे दुवे कापले की तो तुकडा पूर्वीसारखा होत नाही. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले की ही कोणाची तरी आयुष्यभराची ठेव आहे आणि आपल्याला ती सांभाळायला दिली आहे, कापायला नव्हे. दुसरे म्हणाले की पेटीत बंद ठेवून सांभाळली तर ती आणखी वीस वर्षांनी कोणाला दाखवायची? शेवटी आम्ही चौघे आक्कांकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कापल्यावर गाडी चालेल ना?" मी म्हणालो, "चालेल, आक्का." त्या म्हणाल्या, "मग पेटी घेऊन मी काय करू? त्यांना गाडी चाललेली बघायला आवडायची." एवढ्यावर निर्णय झाला. मात्र आम्ही एक पथ्य पाळले. वीसपैकी सोळाच तुकडे बदलले. चार तुकडे आण्णांनी ठेवले होते तसेच पेटीत आहेत.

सोळाच का, यात एक गंमत आहे. १८ इंच त्रिज्येचा एक तुकडा ३० अंशांचा असतो, म्हणून बारा तुकड्यांचे पूर्ण वर्तुळ होते. तुकड्याची लांबी सुमारे २४ सेंटिमीटर. ती लांबी आपण बदलत नाही, फक्त वाक कमी करतो. २४ इंचांवर तोच तुकडा साडेबावीस अंशच वळतो, म्हणून वर्तुळाला बाराऐवजी सोळा तुकडे लागतात. वळण मोठे करायचे तर प्रत्येकाने कमी वाकायचे, आणि मग तेच काम करायला जास्त जण लागतात. मंडळाच्या कामासारखेच आहे हे.

जागेचाही प्रश्न होता. बाजारात प्लायवुडची फळी आठ फूट बाय चार फूट मिळते. २४ इंच त्रिज्येचे वर्तुळ रुळाच्या मध्यापासूनच ४८ इंचांचे होते, म्हणजे स्लीपर फळीबाहेर जाणार. म्हणून एक फुटाची पट्टी जोडून टेबल पाच फूट रुंद केले. त्या एका फुटामुळे आरतीला उभे राहण्याची जागा कमी होत होती. महिला मंडळाने हे वेळीच लक्षात आणून दिले. मग टेबल भिंतीला लावले आणि पायांना चाके बसवली, म्हणजे गरज पडली तर पुढे ओढता येते. पण भिंतीकडच्या बाजूला हात सहज पोहोचत नाही. आरती चालू असताना तेथे डबा घसरला तर कोणी काही करू शकणार नव्हते. म्हणून वळण बिनचूक होणे आवश्यक झाले.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. पुढच्या वर्षीच्या कार्यकर्त्यांनी कृपया लक्ष द्यावे.

पहिले काम मोजणी. त्यासाठी वर्तुळाचा मध्य शोधावा लागत नाही. रेल्वेत आम्ही २० मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेवर दोन ठिकाणी टेकवून ताणतो आणि बरोबर मध्यावर दोरी व रूळ यांतले अंतर मोजतो. दोरीच्या लांबीचा वर्ग घ्यायचा आणि त्याला त्या अंतराच्या आठ पटीने भागायचे, की त्रिज्या मिळते. १७५ मीटरच्या वळणावर हे अंतर सुमारे २८६ मिलिमीटर भरते. आराशीत आम्ही दोरीऐवजी २० सेंटिमीटरची पोलादी पट्टी वापरली. १८ इंचांच्या वळणावर मधले अंतर ११ मिलिमीटर येते आणि २४ इंचांवर सव्वाआठ. म्हणजे सारा खेळ पावणेतीन मिलिमीटरांचा आहे. मुलांना हे समजायला पाच मिनिटे लागली. नंतर तीच मला तुकडे तपासून देऊ लागली.

दुसरे काम साचा. वर्तुळ काढायला सुतळी घेऊ नये, ती ताणते. लाकडी पट्टीच्या एका टोकाला खिळा आणि २४ इंचांवर पेन्सिलीपुरते भोक, हा आपला कंपास. त्या रेषेवर प्लायवुड कापून कड घासून घ्यावी.

तिसरे काम कापणे. तुकडा उलटा करावा. दोन स्लीपरांना जोडणारे प्लॅस्टिकचे दुवे दोन्ही रुळांखाली असतात. त्यांतले बाहेरच्या रुळाखालचेच कापावेत, आतले राहू द्यावेत. सगळेच कापले तर स्लीपर सैरभैर होतात. कापताना थोडे प्लॅस्टिक काढून टाकावे, कारण वाक कमी झाला की बाहेरच्या बाजूचे स्लीपर किंचित जवळ येतात. टोकाची फिशप्लेट आधी काढून ठेवावी.

चौथे काम वाकवणे, आणि मुख्य सावधगिरी येथेच आहे. खऱ्या रुळाला वाक द्यायला आमच्याकडे जिमक्रो नावाचे हत्यार असे. त्याचा स्क्रू फिरवताना मुकादम सतत सांगत राही की एका जागी जोर देऊ नका, थोडे दाबा आणि पुढे सरका. आराशीतल्या रुळाला आपले अंगठेच पुरतात, पण नियम तोच. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जात थोडा थोडा दाब द्यावा आणि दर वेळी साच्यावर ठेवून पाहावे. धातू थोडा परत फिरतो, म्हणून साच्यापेक्षा किंचित जास्त सैल करावे, मग सोडल्यावर तो जागेवर येतो. एकाच ठिकाणी जोर पडला तर तेथे कोपरा होतो. तो डोळ्याला दिसला नाही तरी चाकाला लगेच कळतो.

टोकांचे दोन-दोन सेंटिमीटर सर्वांत हट्टी असतात, कारण तेथे बोटांना पकड मिळत नाही. ते जुन्या वाकातच राहिले तर प्रत्येक सांध्यावर खोच येते. त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात रुळाच्या मापाची खाच केली, टोक तिच्यात धरले आणि मग दाब दिला.

पाचवे काम बाहेरचा रूळ कापणे. पुष्कळांना याचे आश्चर्य वाटते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. १८ इंचांच्या एका तुकड्यात हा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. २४ इंचांवर तो साडेसहाच उरतो. म्हणून वाक सैल केला की बाहेरचा रूळ टोकाशी दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक पुढे येतो. तेवढा कापावाच लागतो, नाहीतर सांधे जुळत नाहीत.

दोन मिलिमीटर सरळ कापणे हे माझ्या हाताचे काम राहिलेले नाही. येथे आपले गलाई बंधू मदतीला आले. सोनाराची केसासारखी करवत आणि बारीक कानस घेऊन एका संध्याकाळी त्यांनी सोळा तुकडे कापले आणि प्रत्येक टोकाची कड बोटाने तपासली. सांध्यांना डागही त्यांनीच दिला. त्यांचा रोजचा डाग टाकणखार लावून मोठ्या आचेवर द्यायचा असतो. त्या आचेत प्लॅस्टिकचे स्लीपर क्षणात वितळले असते. म्हणून येथे राळ असलेला कथील-शिशाचा डाग वापरला, जो १९० अंशांच्या आसपासच वितळतो, आणि शेजारच्या स्लीपरांवर ओले फडके ठेवले. त्यांनी सांगितलेले सूत्र मी वहीत लिहून ठेवले आहे: आधी धातू स्वच्छ करा, मग आच द्या, आणि काम झाले की हात लगेच काढा. वळणातले सांधे असे पक्के केले. सरळ रुळाचे काही सांधे मात्र मुद्दाम मोकळे ठेवले आहेत, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि दमट हवेत धातू आणि लाकूड दोन्ही हलतात.

सहावे काम रुळांमधले अंतर तपासणे. ते साडेसोळा मिलिमीटर असते. त्या मापाची पितळी पट्टी करून ती प्रत्येक तुकड्यावरून आडवी सरकवावी. अडकली किंवा ढिली झाली तर तेथे पुन्हा हात फिरवावा.

शेवटचे काम परीक्षा. गाडी पुढे ओढून पाहणे ही सोपी परीक्षा आहे. सर्वांत लांब डबे मागून ढकलत, अगदी हळू, पूर्ण फेरी करून पाहावी. उलट्या चालीत वळणाचा प्रत्येक दोष उघडा पडतो. आम्ही दोन दिवस तेवढेच केले. आता डब्याचे पोट आठऐवजी सहा मिलिमीटर आत येते आणि टोके साडेआठऐवजी साडेसहाच्या आत बाहेर जातात. दोन मिलिमीटरांचाच फरक, पण कडी सरळ राहते आणि चाक रूळ सोडत नाही.

एक अडचण तरीही उरली होती. पुठ्ठ्याचे डबे हलके असल्याने सांध्यांवर नाचत. उपाय एका मुलीने सुचवला. तिने आपली तंजावूरची डोलणारी बाहुली आणली आणि म्हणाली, "काका, ही पडत नाही, कारण हिचे वजन खाली आहे." मग आम्ही डब्यांच्या तळाला, अगदी खाली, वजन चिकटवले. डबे स्थिर झाले. ती बाहुली आपण आराशीत फलाटावर पाहिलीच असेल. गाडी जवळून गेली की ती मान हलवते.

या छंदात आपल्या मराठी माणसाने केलेले एक मोठे काम येथे सांगितलेच पाहिजे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौशीतून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथेही प्रमाण ८७ ला १ असेच आहे. सिग्नल, पूल, वस्ती यांसह एक पूर्ण शहर त्यात वसवले आहे. सुटीत पुण्याला जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन ते जरूर पाहावे, आणि पाहताना एकदा वळणांवरही नजर टाकावी. इतक्या गाड्या कशा चालतात याचे उत्तर तेथे आहे.

मंडळी, माझे सांगणे फार नाही. घसरणाऱ्या डब्याला दोष देणे सर्वांत सोपे असते. वळण मोठे करणे कष्टाचे असते. त्याला जास्त तुकडे लागतात, जास्त जागा लागते, आणि कोणाला तरी आपले दोन मिलिमीटर सोडावे लागतात. आपल्या या उत्सवात साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांबरोबर आलेल्यांचे वंशज आहेत, मागच्या पिढीत गलाईसाठी आलेले आहेत, आणि माझ्यासारखे बदली होऊन आले आणि येथेच राहिलेले आहेत. आपली बोली वेगळी, रीत थोडी वेगळी. पण त्या सोळा तुकड्यांवर या सगळ्यांचे हात फिरले आहेत.

सर्व मापे, साचा आणि पितळी पट्टी पेटीतच ठेवली आहे. सोबत एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर आण्णांचे नाव आहे आणि दुसऱ्या पानापासून मुलांच्या अक्षरांत सगळी कृती लिहिलेली आहे. पुढच्या वर्षी सरळ रुळ आणि वळण यांच्यामध्ये आणखी सैल असा एक जोडतुकडा घालावा, जसा मोठ्या रेल्वेत असतो, असा मुलांचा विचार आहे. त्यासाठी नवीन तुकडे लागतील, कारण पेटीतल्या चार तुकड्यांना हात लावायचा नाही असे त्यांनीच ठरवले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी वर्गणी देताना हे ध्यानात ठेवावे.

आरतीची वेळ होत आली आहे.

गणपती बाप्पा मोरया!